मदत हवी आहे: लोकवन गव्हावर नारिंगी पूड, ऊन पडल्यावर थांबेल का?

निफाडजवळ दीड एकर लोकवन आहे. मका उशिरा निघाला, म्हणून पेरा ५ डिसेंबरला झाला. गहू आता पोटरीत आहे, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणातच आहे. गेल्या आठवड्यात तीन-चार दिवस आभाळ होतं, एकदा भुरभुर पाऊस झाला, धुई तर नऊपर्यंत हटत नव्हती. काल पाणी भरायला गेलो नि पॅन्ट गुडघ्यापर्यंत तांबडी होऊन आली. खालच्या पानांवर विखुरलेले नारिंगी ठिपके आहेत, खोड स्वच्छ आहे. शेजारचे आबा म्हणतात, "धुईनं आलंय, ऊन पडलं की जाईल." दुकानदार म्हणतो युरिया टाका. वाट पाहू की फवारू? शिवाय वीज रात्रीची, म्हणजे पाणीही रात्रीच. त्यानं वाढतं का?

प्रतिसाद:
दादा, युरिया अजिबात नको. पीक आणखी लुसलुशीत आणि दाट होईल, तांबेऱ्याला, म्हणजे या बुरशीच्या रोगाला, तेच हवं असतं. पॅन्ट रंगली म्हणजे हा तांबेराच, आणि ठिपके विखुरलेले आहेत म्हणजे पानावरचा नारिंगी. पिवळा तांबेरा असता तर शिरांच्या कडेनं रेघा दिसल्या असत्या, पण त्याला पंजाबसारखी थंडी लागते.

आबांचं अर्धं बरोबर आहे. धुई रोग आणत नाही. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, वाऱ्यानं येतात. दक्षिणेत निलगिरी-पलनीच्या थंड डोंगरांत हा रोग उन्हाळाभर तग धरतो. मात्र पान पाच-सहा तास ओलं राहिलं आणि हवा १५ ते २५ अंशांत असली की बीजाणू रुजतो. ठिपका दिसायला त्यापुढे आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आज दिसतंय ते आधीच्या दवाचं. परवाच्या धुईचं अजून दिसायचंय! ऊन पडल्यावर नवी लागण मंदावेल, पण लागलेलं जाणार नाही. लोकवन याला लगेच बळी पडतो, त्यात तुमचा पेरा उशिराचा.

प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, १० लिटर पाण्याला १० मिली. दव उतरल्यावर, वारा नसताना मारा, खालची पानं भिजली पाहिजेत. शेंड्याचं पान वाचवायचं आहे, दाणा त्याच्यावर भरतो. रात्रीच्या पाण्याला इलाज नाही, निदान वाफ्यात तुंबू देऊ नका.

धागाकर्ता:
आभारी आहे. आज शेंड्याची पानं बोटानं पुसून पाहिली, दहातल्या दोनांवर पूड लागली. उद्या सकाळी दहानंतर पंप घेतो. पुढच्या वर्षी लोकवन सोडून त्र्यंबक वाण घ्यावा म्हणतोय, कुणी उशिरा पेरलाय का?