मदत हवी आहे: हरणांच्या शिकारीच्या मोसमात मन खंबीर कसं ठेवायचं? (विस्कॉन्सिन)

ड्रिफ्टलेसकर:

नमस्कार मंडळी,

मी विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला, ड्रिफ्टलेस टेकड्यांच्या पट्ट्यात राहतो. इथे स्थिरावल्यावर शेजारच्या डेअरीवाल्या शेतकऱ्याकडून धनुष्याने हरणाची शिकार शिकलो. गेल्या वर्षी मोसम उघडल्या उघडल्या एक मादी मिळाली आणि हिवाळाभर घरात तेच मटण होतं.

आधीच सांगतो, म्हणजे धागा भरकटणार नाही. भारतात हरीण मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा असं मलाही वाटतं. इथली परिस्थिती वेगळी आहे. व्हाइटटेल हरणं भरपूर आहेत, त्यांचे मोठे भक्षक या भागातून जवळपास नाहीसे झालेत, आणि किती मारायची, कुठे, कोणत्या तारखांना, हे राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं म्हणजे डीएनआर ठरवतं. परवाना लागतो, मारलेल्या प्रत्येक हरणासाठी टॅग म्हणजे क्रमांकाची चिठ्ठी लागते, १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना प्रशिक्षणाचा दाखला लागतो. शिकार करावी की नाही यावर स्वतंत्र धागा काढा, तिथे येऊन जरूर बोलेन.

आता प्रश्न. धनुष्याचा मोसम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. यंदा मी सप्टेंबरपासून मचाणावर बसतोय. पहाटे अंधारात चढायचं, नऊ-दहापर्यंत बसायचं, मग कामावर. शनिवार-रविवारी संध्याकाळीही. हाती काही नाही. ऑक्टोबरमध्ये तर हरणं गायबच झाली. झाडाला बांधलेल्या ट्रेल कॅमेऱ्यात दिसतात ती रात्री दोनला.

मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर माजावर आले आणि एक मोठा शिंगाळा उतारावरून आला. अंतर ४५ यार्ड. माझी मर्यादा मी ३० ठरवली आहे. तो थांबला, बराच वेळ उभा राहिला, आणि गेला. मी धनुष्य उचललं नाही. त्या क्षणी अगदी शांत होतो. पण ओळखीतल्या दोघा-तिघांना सांगितलं तर सगळ्यांचं एकच, "मारायला हवा होतास, असा पुन्हा येत नाही." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. मचाणावर बसल्यावर वाटतं जागा चुकली, वारा चुकला, दुसऱ्या टेकडीवर जायला हवं होतं. एका जागी मन लावून बसवत नाही. फोनवर इतरांचे शिंगांसोबतचे फोटो दिसले की छातीत कळ येते. सरावात बाण नीट लागतात, तरी हात कापतील अशी धास्ती आहे.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम उघडेल. त्यात मी रायफल घेऊन जाणार आहे. तोवर मन जागेवर आणायचंय. रिकाम्या हाताने परतताना उमेद कशी टिकवता? आणि स्वतः घातलेल्या मर्यादेवरचा विश्वास लोकांच्या बोलण्याने डळमळायला लागला तर काय करता? ज्यांनी शिकार केलेली नाही पण लांबलचक, निष्फळ वाट पाहायचं काम केलंय त्यांनीही लिहा.

मिशिगनवासी:

सर्वात आधी त्या ४५ यार्डांबद्दल, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू झालंय.

तुम्ही केलंत ते बरोबर होतं आणि ते आकड्यांत दाखवता येतं. आजच्या कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो. ४५ यार्ड म्हणजे १३५ फूट. बाणाला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाच्या आठव्या भागातच तिथे पोचलेला असतो. हरीण दचकलं की उसळी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं, आणि तेवढ्या वेळात त्याची पाठ बरीच खाली येते. तुम्ही फुप्फुसावर नेम धरलेला असतो आणि बाण पाठीच्या वरच्या मांसात बसतो किंवा वरून जातो. माजावरचा नर तर कायम सावध असतो. सरावाच्या फळीला कान नसतात, म्हणून तिथे ४५ यार्ड सोपे वाटतात.

"मारायला हवा होतास" म्हणणाऱ्यांपैकी कोणी रात्री टॉर्च घेऊन जखमी हरणाचा माग काढायला आलं असतं का, एवढंच स्वतःला विचारा. पोटात लागलेल्या हरणामागे सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त, जायचंच नसतं. लगेच गेलात तर ते उठून मैलभर लांब जातं. ती रात्र कशी जाते हे ज्याला ठाऊक आहे तो कोणाला असा सल्ला देत नाही.

माझी एक सवय सांगतो. मोसमाआधी मर्यादा कागदावर लिहून ठेवतो: किती अंतर, कोणता कोन, किती उजेड, मध्ये फांदी असेल तर नाही. मचाणावर चढल्यावर त्यावर पुन्हा विचार करत नाही. तिथे छाती धडधडत असताना घेतलेला निर्णय माझा नसतो.

आणि हो, फोटो बघणं जानेवारीपर्यंत बंद करा. मी करतो.

शेवरी:

मी शिकार करत नाही आणि मला ती आवडतही नाही, पण प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून लिहिते. मी मिनेसोटात समुपदेशनाचं काम करते.

स्पष्ट विचारते, राग मानू नका. हे फक्त हरणापुरतं आहे का? झोप, भूक, कामात लक्ष, घरच्यांशी बोलणं हे सगळं ठीक चाललंय का? आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे गेलं की साडेचार-पाचलाच अंधार पडतो. कित्येकांचं मन दर वर्षी याच दिवसांत खचतं आणि ते खापर नोकरीवर, नवऱ्यावर, बायकोवर किंवा अशा एखाद्या छंदावर फोडतात. त्यात तुम्ही महिनोन् महिने पहाटे चारला उठताय. झोपेचं कर्ज साठलं की साधी निराशाही मोठी वाटते.

घरात बंदूक आहे म्हणून हेही लिहिते, आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. मन फार खोल गेलं असेल तर त्या काळात बंदूक दुसऱ्याच्या कपाटात ठेवा आणि ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. अमेरिकेत मानसिक संकटातल्या मदतीचा हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे.

ड्रिफ्टलेसकर:

शेवरीताई, राग कसला, उलट बरं वाटलं. इतर सगळं ठीक आहे. झोप मात्र खरंच कमी पडतेय, सलग पाच-साडेपाच तासांच्या वर जात नाही. दिवसा चिडचिडही होते, बायकोने बोलून दाखवलंय.

मिशिगनवासी, आवाज आणि बाण यांचा हिशोब मी असा कधी मांडलाच नव्हता. खूप आभार.

अजून एक लिहायचं राहिलं. आई साताऱ्याला असते. रविवारी फोनवर दर वेळी म्हणते, "मुक्या जीवाचा तळतळाट घेऊ नकोस." इथल्या मित्रांना हे सांगून कळत नाही. त्यांचे आजोबा, पणजोबा याच जंगलात शिकार करायचे. मला मागे तसं कोणी नाही.

सावळज:

मी पुण्यात कंपाउंड तिरंदाजी करते, फक्त फळीवर. शिकारीतलं मला कळत नाही, पण हात कापण्याच्या धास्तीबद्दल लिहू शकते.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आमच्या मैदानावर मुलांची रीघ लागलीय. त्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी हा त्रास होतो. नेमाची पिन सोन्यावर, म्हणजे मधल्या पिवळ्या वर्तुळावर, आली रे आली की बोट आपोआप दोरी सोडणाऱ्या कळीचा ट्रिगर दाबतं, किंवा पिन मध्यावर जातच नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात. नेम चांगला असलेल्यांनाही होतं, कारण मन लागलेलं असतं निकालाकडे.

आम्ही यावर काय करतो ते सांगते. पाच-सहा यार्डांवर नुसता गवताचा गठ्ठा, त्यावर कागद नाही, ठिपका नाही. धनुष्य ओढायचं, हात गालाच्या ठरलेल्या जागी टेकवायचा, डोळे मिटायचे, पाठीचे स्नायू आवळत न्यायचे आणि बाण आपसूक सुटू द्यायचा. कुठे लागला ते बघायचंच नाही. काही आठवडे फक्त एवढंच. शरीराला क्रम पाठ झाला की घाबरल्यावरही तो क्रम तेवढा राहतो. रायफललाही हे चालेल, रिकाम्या बंदुकीवर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

दुसरं असं की दिवसभरात पन्नास बाण मारू नका. पहाटे थंड अंगाने, तुमचं जाड जाकीट आणि हातमोजे घालून एकच बाण मारा आणि आत या. जंगलात तुम्हाला तो एकच मिळणार आहे. जाकिटाच्या बाहीला दोरी घासते हेही तेव्हाच लक्षात येतं.

वारावळण:

दादा, मी तुमच्याच राज्यात, उत्तरेला. नोकरीतून निवृत्त झालोय, खूप वर्षं हेच करतोय, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

"हरणं गायब झाली" यावर मन खचतं, कारण आपल्याला वाटतं ती आपल्यामुळे गेली. ऑक्टोबरमध्ये तुमच्या टेकड्यांवर ओकची फळं पडतात. तोवर संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात येणारी हरणं उजेडी बाहेर यायचंच थांबवतात, कारण त्यांना रानातच खायला मिळतं. तुमचं मचाण शेताच्या बांधावर असेल तर तुम्हाला महिनाभर काही दिसणार नाही. मग नोव्हेंबरच्या मध्याला उलटा प्रकार. नराला माजावरची मादी सापडली की तो दिवस-दीड दिवस तिला सोडत नाही, दोघं कुठल्यातरी झुडपाच्या जाळीत बसून राहतात. आदल्या आठवड्यात धावपळ चाललेलं रान एकदम मुकं होतं. बंदुकीचा मोसम बऱ्याचदा याच सुमाराला किंवा थोडा नंतर उघडतो. त्यात पहिल्या दिवशी रानात एवढी माणसं शिरतात की हरणं दाट जाळ्यांत शिरतात आणि रात्रीच बाहेर पडतात.

तुमच्या उताराच्या मुलखात वारा फार फसवतो. सकाळी उन्हाने हवा तापली की उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. हवामानाच्या ॲपवर पश्चिमेचा वारा असला तरी तुमचा वास घळीत जात असतो. दुधी बोंडाचा कापूस, मिल्कवीडचा, खिशात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने एक तंतू सोडा. कुठे जातो ते बघा. मला यानेच सर्वात जास्त धीर आलाय, कारण मग "जागा चुकली का" याचं उत्तर डोक्यात शोधावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं.

मी वही ठेवतो. मारलेल्या हरणांची नव्हे. आज इथे का बसलो, हे चढण्याआधी दोन ओळींत लिहितो: नराने खुरांनी उकरलेली ताजी खरवड दिसली, फळं पडतायत, वारा अमुक. उतरल्यावर काय दिसलं ते. एखादी बैठक रिकामी गेली आणि कारण पक्कं होतं, तर मी जागा बदलत नाही. कारणच लिहिता आलं नाही तर तिथे बसत नाही.

आकडेही लक्षात असू द्या. या राज्यात बंदुकीचे परवाने पाच लाखांहून जास्त निघतात, आणि अलीकडच्या वर्षांत नऊ दिवसांत नोंदलेली हरणं पावणेदोन ते दोन लाखांच्या घरात असतात. त्यातही काहींना एकाहून अधिक मिळतात. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक रिकाम्या हाताने घरी जातात. ते फोटो टाकत नाहीत.

आईंचं. माझी आईही असंच म्हणायची. मी तिला पटवायचा प्रयत्न सोडला आणि खरं काय ते सांगू लागलो. अमक्या दिवशी मादी सोडून दिली कारण पाडस सोबत होतं. अमक्या वर्षी मांस अन्नछत्राला दिलं. आपल्या राज्यात २००० पासून त्याची रीतसर योजना आहे. तिचं मत बदललं नाही, पण तिला कळलं की मुलगा विचार करून करतोय. तुम्हाला ते ४५ यार्डांचं तिला सांगता येईल. मित्रांपेक्षा तिला ते जास्त समजेल असं वाटतं.

ड्रिफ्टलेसकर:

वारावळणकाका, बांधावरच्या मचाणाचं तुम्ही न बघता ओळखलंत. ओकच्या दांडावर एक जुनी जागा आहे, उद्या वारा बघून तिथे जातो. आजपासून वही सुरू. आणि आठवड्यात दोन पहाटा झोपणार आहे, हे बायकोला कबूल केलंय.

शेवटचे दोन प्रश्न. उघडण्याच्या शनिवारी दिवसभर बसावं का? आणि थंडीने धीर सुटतो तेव्हा?

मिशिगनवासी:

थंडीचं मी सांगतो. जाताना घाम येऊ देऊ नका, सगळा खेळ तिथे बिघडतो. जाड कपडे पाठीवर बांधून हळू चालत जा, मचाणाखाली पोचल्यावर घाला. अंगाला लागून लोकर, सुती काही नको. तूप-गुळाची पोळी खिशात ठेवा, चॉकलेटपेक्षा जास्त वेळ टिकते. थरथर थांबत नसेल किंवा बोटांना बंदुकीची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) नीट कळत नसेल तर उतरा आणि घरी जा, तिथे जिद्द दाखवायची नाही. चढता-उतरताना अंगावरचा सुरक्षा पट्टा कायम झाडाच्या दोराला अडकवलेला हवा. मचाणावरून पडून लोक दर वर्षी जायबंदी होतात, आणि थकलेला माणूस पट्टा लावायचा कंटाळा करतो.

वारावळण:

दिवसभर बसा, पण दांडावर नको, दाट जाळीच्या कडेला. साडेदहा ते दीडच्या दरम्यान लोक जेवायला गाडीकडे चालत जातात आणि त्यांच्या वर्दळीने हरणं उठतात. तेव्हा जागं राहा, पहाटे वाटल्यास दहा मिनिटं डोळे मिटा, पट्टा बांधून, बंदूक टेकवून. केशरी जाकीट आणि टोपी नऊही दिवस. मिळालं तर नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन करायची, आणि तुमच्या भागात सीडब्ल्यूडी हा हरणांना खंगवून मारणारा रोग २००२ पासून आहे, तेव्हा हरणाचं डोकं तपासणीला द्या. डीएनआर पैसे घेत नाही. निकाल येईपर्यंत मांस वेगळ्या पिशवीत गोठवा, शिजवून तो रोग मरत नाही.

बाकी सोमवारी लिहा इथे, काहीही झालं तरी.