मदत हवी आहे: चिऱ्याचं घर की लाकडी प्रीफॅब?

राजापूर तालुक्यात 800 चौरस फुटांचं बैठं घर बांधायचंय. चिरा (जांभा दगड) जवळच्या खाणीतून मिळतो, पण चांगला गवंडी दिवाळीपर्यंत मोकळा नाही. म्हणून ट्रीटेड (कीड-बुरशीविरुद्ध रसायन मुरवलेल्या) पाइन लाकडाच्या प्रीफॅब, म्हणजे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या घराचं कोटेशन घेतलं. जोतं दोन्ही पर्यायांत चिऱ्याचंच धरलंय. विक्रेता तोंडाने वाळवीची हमी देतो, कागदावर मात्र ‘योग्य देखभाल केल्यास’ एवढंच मोघम. बँक चिऱ्याला कर्ज द्यायला तयार आहे, लाकडीचं अजून हो-नाही काहीच नाही. जून ते सप्टेंबर घर बंद राहणार, म्हणजे बुरशी पुसायलाही कोणी नाही. (सिमेंटचे ब्लॉक कृपया सुचवू नका.)

कोकणातल्या पावसात पाइनच्या घराने पाच-सात पावसाळे काढलेत असं कोणी आहे का? जोत्यावर टेकणाऱ्या खालच्या आडव्या लाकडाची आज काय अवस्था आहे?