मदत हवी आहे: वेबचे कोणते प्रश्न गटात घ्यायचे आणि कोणते पुढे पाठवायचे?

नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातून लिहितोय. गावच्या वाचनालयात आम्ही काही जण संध्याकाळी पोरांना वेबसाइट बनवायला शिकवतो आणि सोबत मदतीसाठी एक व्हॉट्सॲप गट चालवतो. गटात कॉलेजची पोरं आहेत, सेतू केंद्र चालवणारे आहेत, शेंदुरजनाघाटकडचे संत्र्याचे रोपवाटिकावालेही आहेत. त्यामुळे एकाच दिवशी 'फ्लेक्सबॉक्समधले डबे खाली का घसरतात' हा प्रश्न येतो आणि 'भाऊ, सातबारा काऊन उघडून नाही राहिला' हाही येतो. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की दुसऱ्या प्रकारचे प्रश्न इतके पडतात की शिकणाऱ्या पोरांचे प्रश्न कुणाला दिसतच नाहीत. उत्तर मिळालं नाही की पोरं विचारणं सोडतात. मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

काही प्रश्न उघड आपले आहेत. एका मुलीनं कलमांच्या विक्रीसाठी साइट बनवली. लॅपटॉपवर फोटो दिसायचे, सर्व्हरवर चढवले की गायब. फाइलच्या नावात जेपीजी मोठ्या लिपीत होतं आणि कोडमध्ये छोट्या. विंडोजला हा फरक चालतो, लिनक्स सर्व्हरला चालत नाही. असा एक प्रश्न सुटला की अख्खा गट शिकतो. पान मोबाइलच्या रुंदीत बसवायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला म्हणून मोबाइलवर अक्षरं बारीक दिसणं, किंवा यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत जाहीर न केल्यानं मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येणं, हेही त्यातलेच.

काही उघड आपले नाहीत. आधारबद्दल तक्रार असेल तर १९४७ ही हेल्पलाइन. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०, तिथं गटात चर्चा करत बसणं म्हणजे नुकसान वाढवणं. लोक घाईत आधारचा फोटो आणि ओटीपीसुद्धा गटात टाकतात, ते पाहून जीव घाबरतो.

अडतात ते मधले. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर साइटवर टाकला आणि दुसऱ्याच्या फोनवर वाचता येत नाही, हा वेबचा प्रश्न की टायपिंगचा? 'कुठलं होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा) घेऊ?' हा घ्यावा का? आणि 'साइट उघडत नाही' एवढंच लिहिलेलं असेल तर काय करायचं?

शिवाय गावातले काकाजी स्वतः मोबाइल घेऊन दारात येतात. त्यांना 'हा आमचा विषय नाही' असं कोणत्या तोंडानं सांगू? कुणी असा गट चालवला असेल तर तुमची रीत सांगा.

प्रतिसाद, हिंगणघाटहून

भाऊ, विषयावरून ठरवू नका. विचारणाऱ्याच्या हातात बदलायला काय आहे ते बघा. कोड त्याच्या हातात असेल तर प्रश्न तुमचा. होस्टिंगचं फक्त लॉगिन असेल तर आधी होस्टिंगवाल्याला विचारायला सांगा. हातात नुसता फोन असेल आणि बिघाड पोर्टलवर असेल, तर तुमचे दहा हुशार मेंबर मिळूनही तो दुरुस्त करू शकत नाहीत.

'उघडत नाही' म्हणणाऱ्याला पडद्यावरचा आकडा विचारा. ४०४ म्हणजे सर्व्हर बोलतोय, पण मागितलेलं पान तिथं नाही. ५०० किंवा ५०३ म्हणजे बिघाड सर्व्हरच्या बाजूला. आकडाच नसेल तर दुसऱ्या सिमवर आणि इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) उघडून पाहायला लावा. साइट स्वतःची असेल तर एफ-१२ दाबून कन्सोलमधली (ब्राउझर कोडच्या चुका दाखवतो ती जागा) लाल ओळ जशीच्या तशी पाठवायला सांगा. एवढं केल्यावर अर्धे प्रश्न आपोआप योग्य जागी जातात.

कृतिदेवचा नक्की घ्या. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवले जातात, मराठी फक्त दिसायला असते. फॉन्ट नसलेल्या फोनवर म्हणूनच कचरा दिसतो आणि गूगललाही तो मजकूर सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या संकेतांत, बदलणं हाच उपाय. 'कुठलं होस्टिंग' घेऊ नका, त्यावर नुसती मतं येतात. 'पाच पानांच्या स्थिर साइटला काय काय लागतं' असा विचारला तर घ्या.

प्रश्नोत्तरांच्या मोठ्या साइटनीही अशीच वाटणी केली. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ साली सुरू झालं ते प्रोग्रामिंगसाठी. पुढच्याच वर्षी सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आणि रोजच्या संगणक वापरासाठी सुपर युजर वेगळं काढलं. उत्तर देणारी माणसं वेगळी असतात जी.

धागाकर्ता

'हातात काय आहे' ही कसोटी पटली, उद्याच गटाच्या माहितीत लिहितो. काकाजींना मात्र परत पाठवणार नाही. त्यांच्यासाठी वाचनालयात समोरासमोर बसायची वेळ ठेवतो, म्हणजे आधारचे फोटोही गटात येणार नाहीत.

आता एक शंका. कलमं विकणाऱ्या त्या मुलीची साइट काल नव्या होस्टिंगवर नेली, डोमेनचे (साइटच्या नावाचे) नेमसर्व्हर, म्हणजे साइट कुठं आहे ते सांगणारे सर्व्हर, बदलले. माझ्या सिमवर नवी दिसते, तिच्या वडिलांच्या सिमवर अजून जुनीच. हा कुणाचा प्रश्न?

प्रतिसाद, हिंगणघाटहून

डोमेन तिच्या हातात आहे, म्हणजे तुमचाच. वडिलांच्या सिमवाल्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरनं (नावावरून साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या) जुना पत्ता साठवून ठेवला असणार. टीटीएलची, म्हणजे पत्ता साठवून ठेवायची, मुदत संपेपर्यंत तो तोच पत्ता देत राहतो. ४८ तासांपर्यंत वाट पाहा आणि तोवर जुनं होस्टिंग बंद करू नका, नाही तर त्यांना जुनीही दिसणार नाही.