थ्रीडीच करायचंय, मग कागदावर चेंडू कशाला?

मोकळी रेघ (धागाकर्ता)
डिजिटल अ‍ॅनिमेशन शिकतोय. अभ्यासक्रमाचा सुरुवातीचा मोठा भाग लाइट टेबलवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या टेबलावर कागद ठेवून चित्रं काढण्यात, गेला. सेकंदाला 24 फ्रेम. 'टूज'वर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, काम केलं तरी 12 चित्रं. काढा, पुसा, पुन्हा काढा. आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम (हालचालीतल्या मुख्य स्थिती) टाकल्या की मधलं सगळं सॉफ्टवेअर भरतं. माझं स्पष्ट मत: ज्याला थ्रीडीतच जायचंय त्याला कागदाची सक्ती नको. रेघ सुबक येत नाही म्हणून काहींनी कोर्स सोडला. त्यांना टायमिंग कळत होतं की नाही, हे कुणी तपासलंच नाही.

पेन्सिलतोड
भरतं, पण काय भरतं? चेंडू वर, जमिनीवर, पुन्हा वर अशा तीन कीफ्रेम टाका आणि हालचालीचा कर्व्ह (आलेख) वळवणाऱ्या हँडलना हात लावू नका. मूळ सेटिंगमध्ये ब्लेंडर कीफ्रेमजवळ वेग कमी करतो. चेंडू अलगद टेकतो, अलगद उठतो. फुगाच तो! खरा चेंडू पडताना दर फ्रेमला आधीपेक्षा जास्त अंतर कापतो, 1, 3, 5, 7 या प्रमाणात, आणि आपटतानाच सर्वांत वेगात असतो. ज्याने ही अंतरं हाताने पाडलीत त्याला चुकीचा कर्व्ह लगेच खटकतो.

मोकळी रेघ
हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. जमिनीच्या कीफ्रेमवर हँडल तोडून कर्व्हला टोकदार कोन दिला की चेंडू आपटतो. चूक कर्व्ह दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये दिसते, दुरुस्तीही तिथेच होते. आणि 1-3-5-7 मोशन पाथच्या (दर फ्रेमची जागा दाखवणाऱ्या रेषेच्या) ठिपक्यांवरही दिसतं. माझं वर्तुळ वाकडं आलं याचा त्याच्याशी काय संबंध?

रात्रपाळी रेंडर
दोघांनाही थोडं टोचतो. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 साली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली, ती हाती काढलेल्या चित्रांच्या अनुभवातून. 1987 साली पिक्सार स्टुडिओच्या जॉन लॅसेटरने तीच थ्रीडीला लावून दाखवणारा निबंध लिहिला, पण त्याच्या यादीत 'सॉलिड ड्रॉइंग', म्हणजे आकाराला घनता आणि वजन देणारं रेखाटन, नाही. पेन्सिलतोड, याचं काय करायचं?
मात्र धागाकर्ते, 'मधलं सॉफ्टवेअर भरतं' हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. पोझ पक्की होण्याआधी स्प्लाइनवर (सॉफ्टवेअरने सलग भरलेल्या हालचालीवर) उडी मारणाऱ्यांचे शॉट पाण्यात तरंगल्यासारखे दिसतात. स्टेप्डमध्ये, म्हणजे मधलं काही न भरता पोझ थेट बदलते त्या सेटिंगमध्ये, ब्लॉकिंग (मुख्य पोझ मांडणं) करा. तिथे फुकट काहीच मिळत नाही, कुठली पोझ किती फ्रेम धरायची ते आपल्यालाच ठरवावं लागतं. 2018 च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवख्या नायकाच्या, माइल्सच्या, हालचाली बऱ्याच ठिकाणी मुद्दाम टूजवर ठेवल्या. कॉम्प्युटर देत असलेल्या फ्रेम चक्क टाकून दिल्या!

पेन्सिलतोड
मग कागद दुसरं काय शिकवतो? तिथे फुकट काही नसतंच.

मोकळी रेघ
स्टेप्डचं पटलं. पण त्याला कागद लागत नाही, एवढंच तर मी म्हणतोय.

आडवा छेद
थंबनेल, म्हणजे पोझची छोटी कच्ची चित्रं, तरी काढता ना? का तेही ग्राफमध्ये?

मोकळी रेघ
काढतो की, काडीमाणसं. मिनिटभरात होतात, आणि त्यांना क्लीनअपचे (रेघ सुबक करण्याचे) मार्क नसतात.

पेन्सिलतोड
क्लीनअपचे मार्क रद्द करा म्हणत असाल तर माझी सही घ्या. कागदच बंद म्हणाल तर नाही. काडीमाणूस का होईना, काढताना वजन कुठल्या पायावर आहे ते आधी ठरवावं लागतं. रिग (थ्रीडी पात्राचा हलवता येणारा सांगाडा) मात्र सरळ उभा मिळतो, आणि निम्म्या वर्गाची पात्रं शेवटपर्यंत दोन्ही पायांवर सारखंच वजन टाकून बोलत राहतात.

मोकळी रेघ
त्या निम्म्या वर्गानेही लाइट टेबल केलंच होतं की!