गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) हद्दीबाहेर स्कीइंग, हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा?

दांडियाबाजारची_मावशी:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. उत्तरायण झालं की भाचा आणि त्याचे कॉलेजचे मित्र गुलमर्गला चाललेत. मागच्या सीझनला तिथेच बेसिक स्कीइंग शिकून आला, आता म्हणतो मावशी यावेळी खालच्या सोप्या उतारावर नाही, गोंडोलाच्या फेज टूनं, म्हणजे वरच्या टप्प्यानं, अफरवट डोंगरावर जायचं आणि हद्दीबाहेरच्या ताज्या बर्फातून उतरायचं. पोरगा धडधाकट आहे, पावागढ न थांबता चढतो, पण आपल्याकडे बर्फाचं कोणाला काय कळतं? त्याचं म्हणणं, बर्फ पडून दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की तोच बेस्ट दिवस, आणि आपल्या आधी चारजण उतरून गेलेले दिसले की तो उतार सेफ. हे खरंय का? त्याला नको जाऊ म्हणायचं नाहीये मला, पण नेमकं काय विचारायचं ते तरी कळायला हवं.

बर्फवाट:
मावशी, दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि लोक नेमके त्याच दोन गोष्टींच्या भरवशावर जातात. मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केलाय, तिथे पहिल्या आठवड्यातच हे डोक्यात घालतात.

बर्फ थराथरानं बसतो. डिसेंबर-जानेवारीत बर्फ कमी पडला आणि आभाळ निरभ्र, कडाक्याची थंडी असली की जमिनीलगतचा बर्फ त्यातल्या त्यात गरम राहतो आणि वरचा खूप गार, त्या फरकामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि तळाला जाड्या साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, मुठीत कितीही दाबले तरी गोळा होत नाही. मग फेब्रुवारीत वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारं बर्फ-पावसाचं वादळ) येतो, दोन-तीन फूट नवा बर्फ त्याच्यावर बसतो, वारा तो आणखी दाबून घट्ट करतो. वरून सगळं मस्त दिसतं आणि खाली आधारच नसतो. एखाद्याचं वजन बरोबर कच्च्या जागी पडलं की अख्खा थर एकदम सुटतो, त्याला स्लॅब म्हणतात. म्हणून बर्फानंतर ऊन पडलं म्हणजे दिवस चांगला असं नाही, आणि चारजण सुखरूप गेले तरी पाचव्याला सुटू शकतो. अडकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो थर स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सोडवलेला असतो.

उताराचा कोन सगळ्यात महत्त्वाचा. ३० ते ४५ अंशांत बहुतेक स्लॅब सुटतात आणि स्कीइंगला मजा येते ती पण ह्याच कोनात. फोनमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, स्कीची काठी उताराच्या दिशेनं बर्फावर टेकवून तिच्यावर फोन ठेवायचा, झालं. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला किंवा स्कीपासून चिरा पळत गेलेल्या दिसल्या तर तिथूनच मागे.

कमाटीबाग_रनर:
एवढं घाबरवू नका हो, मी गुलमर्गला जाऊन आलोय. गाइड लोक तिथेच वाढलेले, त्यांना डोंगर पाठ असतो आणि वर स्की पेट्रोलवाले (गस्त आणि बचाव करणारे) पण असतात.

बर्फवाट:
दादा, गाइड घ्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवरच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, तेव्हा स्थानिक गाइडही अडकले होते. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गजवळच खिलनमर्गला हिमस्खलनात एक रशियन दगावला. आणि ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटच्या तुकडीतले पंचवीसहून जास्त जण हिमस्खलनात गेले, त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली इन्स्ट्रक्टर. बर्फाला समोरचा किती अनुभवी आहे ते कळत नाही हो. पेट्रोलची जबाबदारी हद्दीच्या आत, हा मुलगा बाहेर जायचं म्हणतोय.

रावपुऱ्याची_रेवा:
मावशी, गाइडला हे विचारायला सांगा: डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचं त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन काय म्हणतंय (धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तीन नंबर म्हणजे मधलं म्हणून लोक निवांत असतात, पण तो चांगलाच धोका आहे), गेल्या २४ तासांत किती पडला, वारा होता का, आणि खड्डा खणून बघणार का. माझ्या गाइडनं कमरेएवढा खणला होता, बर्फाचा चौकोनी खांब सुटा कापला, त्यावर फावडं ठेवून दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आमच्या वेळी मनगटाच्याच टपल्यांत वरचा भाग ड्रॉवर ओढावा तसा पुढे आला. गाइड काही न बोलता फावडं गुंडाळायला लागला, आणि आम्ही झाडीतल्या कमी उताराच्या वाटेनं खाली आलो. असा गाइड मिळाला तर पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि बीकन (दबलेल्याला शोधायचं सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे, नुसतं गाइडकडे असून काय उपयोग, तोच दबला तर? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची शक्यता खूप असते, पुढे झपाट्यानं घसरते, बाहेरून मदत येईपर्यंत थांबणं परवडत नाही. बीकन भाड्यानं घेतलात तर पहिला अर्धा दिवस सपाटीवर एक बॅगेत घालून पुरायचा आणि शोधायची प्रॅक्टिस करायची. मोबाइल बीकनला चिकटून ठेवायचा नाही, सिग्नल बिघडतो. उतारावर एकावेळी एकच जण, बाकीचे बाजूला सुरक्षित जागी उभे राहून बघणार.

दांडियाबाजारची_मावशी:
खूप खूप आभार तुम्हा सगळ्यांचे. भाच्याला सगळं वाचायला लावलं, बीकनचं लगेच मान्य केलं. तो विचारतोय, वाऱ्यानं बर्फ कुठल्या बाजूला साठतो ते खालून कसं ओळखायचं?

बर्फवाट:
धारेवर बघ म्हणावं. वाऱ्यानं बर्फाची कड पुढे लोंबलेली असते, कॉर्निस, ती ज्या बाजूला झुकलेली दिसेल त्याच बाजूच्या उतारावर बर्फ साठलेला असतो. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडचे उतार भरतात, वरून एकही कण पडला नसला तरी. त्याच्या खाली थांबून फोटो काढायचे नाहीत, आणि धारेवर गेलात तर कडेपासून बरंच मागे, ती वाटते त्याच्यापेक्षा खूप आतून तुटते.