तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं का?

मिरजकर
काल टपरीवर मी म्हणालो, दोन्ही आघाड्यांचा वैताग आला असेल तर तिसऱ्याला मत द्यावं. चहावाला म्हणतो, "त्यापेक्षा कृष्णेत सोडा." अहो, पण 2024 च्या लोकसभेला आपल्या सांगलीनंच विशाल पाटलांना अपक्ष म्हणून लिफाफा चिन्हावर लाखाच्या फरकानं निवडून दिलं की! महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील साठ हजारांवर अडकले, डिपॉझिट गेलं. मग यात तिसरा कोण?

हळदवाला
लिफाफा अपक्षाचा, पण राबणारी माणसं काँग्रेसची आणि घराणं वसंतदादांचं. याला तिसरा पर्याय नाही, भाऊबंदकी म्हणतात. खरी तिरंगी लढत 2019 ची. हेच विशाल पाटील तेव्हा काँग्रेस आघाडीतल्या स्वाभिमानी पक्षाकडून, 3 लाख 44 हजार. वंचितचे गोपीचंद पडळकर 3 लाख. भाजपचे संजयकाका पाटील 5 लाख 8 हजारांत खासदार. करा हरलेल्या दोघांची बेरीज.

जतचा पाव्हणा
बेरीज करायला मतं काय पोत्यातली हळद आहे? पडळकर नसते तर त्यातली किती काकांकडं गेली असती, किती जण घरीच बसले असते, कुणी मोजलं? आणि त्या 3 लाखांची किंमत झालीच. त्याच वर्षी विधानसभेला भाजपनं त्यांना बारामतीत अजितदादांसमोर उभं केलं. तिथं डिपॉझिट गेलं, तरी पुढं विधान परिषद मिळाली, आणि 2024 ला आमच्या जतचे आमदार.

हळदवाला
किंमत त्यांना मिळाली हो. ज्यांनी भाजपला नको म्हणून वंचितला मत दिलं, त्यांना काय मिळालं?

कोरेगावची सून
आमच्या साताऱ्याचं ऐका. 2024 च्या लोकसभेला शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. खाली एका अपक्षाला नुसती 'तुतारी'. आमच्या आत्याबाई मत देऊन आल्या, खुशीत. "दिलं बाई तुतारीला." मी विचारलं, माणूस होता का चित्रात? त्या गप्प. मग म्हणाल्या, "माणूस कशाला बघू, तुतारी दिसली की!" त्या अपक्षाला 37 हजार मतं, आणि भाजपचे उदयनराजे पवार गटाच्या शशिकांत शिंद्यांपेक्षा पुढं 32 हजारांनी. आजही त्यांच्यासमोर हा विषय काढायची सोय नाही.

मिरजकर
वहिनी, ती चूक झाली. मी बोलतोय जाणूनबुजून दिलेल्या मताबद्दल.

कोरेगावची सून
मशीनला कुठं कळतं, भाऊ?

कऱ्हाडी
सगळेच नको असतील तर 'नोटा'चं बटण आहे की, 2013 पासून.

हळदवाला
लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी निवडून उमेदवारच येतो. ते बटण म्हणजे नुसता रुसवा.

जतचा पाव्हणा
आम्ही तिसऱ्याला का देतो, सांगू? पूर्व भागात पाण्यावर दोघंही तेच भाषण करतात, तोंडपाठ झालंय. पण आमच्या मतांमुळं जिंकणाऱ्याचं लीड घटलं की पुढच्या खेपेला त्याची गाडी वाडीपर्यंत येते. एरवी डांबरी सोडून खाली उतरत नाहीत.

हळदवाला
गाडी येते. नारळ फोडून परत जाते.

जतचा पाव्हणा
पहिल्यांदा नारळ तरी फुटला, राव!