वेगळं दालन नको, पाटी आणि उंची बदला

संग्रहालयात 'मुलींसाठी स्वतंत्र दालन हवं' ही सूचना मला पटत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात वज्री (टाच घासायचं साधन), अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी आहेतच. (ती जमवण्यात संस्थापक दिनकर केळकरांच्या पत्नी कमलाबाईंचाही वाटा होता, हे मुलींना आवर्जून सांगा!) पाटीवर नुसतं 'वज्री, पितळ' लिहिलं की मुलं पुढे सरकतात, 'टाच कशी घासायची?' विचारलं की थांबतात.

आठ वर्षांच्या मुलीचे डोळे साधारण ११५ सेंमीवर असतात. फळी १४० वर ठेवली तर तिला फळीचा तळच दिसतो.

हाताळायला साधं जातं ठेवा, जुनं नको. एका वेळी मूठभरच ज्वारी घालायची. जास्त घातली की वरची तळी (फिरणारा दगड) उचलली जाते, पीठ भरड पडतं. खुंटा मुलग्यांच्याही हाती द्या.